लाइटनिंगला मास एअर बसवायचंय? आधी गिअरबॉक्सचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९४ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, ५.८ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) टाकलेत. सिग्नलला थांबलं की आयडल, म्हणजे इंजिनाचा मोकळा वेग, वरखाली होतो, गाडी कधीकधी बंद पडते आणि एक्झॉस्टला पेट्रोलचा उग्र वास येतो. टेक्सासमधल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की मस्टँगचा ए९एल नावाचा इंजिन कॉम्प्युटर आणि मास एअरचं, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रणेचं, किट बसवलं की सगळं मिटेल. तर हे घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

मास एअर तुमच्या गाडीला बहुधा मानवेल. ए९एल मात्र तुमच्या गिअरबॉक्समुळे आहे तसा उचलून बसवता येणार नाही. आणि या दोन्हीवर पैसे घालण्याआधी एका शनिवारी दोन तास घालवून काही मापं घ्यायला हवीत. मी मिशिगनमध्ये गेली अठरा वर्षं याच काळातल्या फोर्ड गाड्यांच्या इंजेक्शनची कामं करतो आहे. माझ्याकडे आलेल्या अर्धवट रूपांतरांपैकी बहुतेक गाड्या ही मापं न घेतल्यामुळेच अडकल्या होत्या.

मुळात दुखणं काय आहे, ते बघू. तुमच्या ट्रकची मूळ पद्धत स्पीड डेन्सिटी. या पद्धतीत कॉम्प्युटर इंजिनात शिरणारी हवा कधीच मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनाचे फेरे आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढंच तो बघतो. फोर्डने १९९२-९३च्या सुमाराला त्या इंजिनावर बसून भरलेला एक तक्ता त्याच्या पोटात असतो: अमुक दाबाला, अमुक फेऱ्यांना हे इंजिन इतकी हवा ओढतं. त्यावरून तो पेट्रोल ठरवतो. जुन्या मापांच्या वहीवरून कपडे शिवणाऱ्या शिंप्यासारखं हे काम आहे. माणसाचं अंग तेच असेल तर कपडा झकास बसतो. अंग बदललं, तर वहीतलं माप कितीही अचूक लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही.

मोठ्या कॅमने नेमकं अंग बदलतं. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे आयडलला जळालेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये येतो आणि व्हॅक्यूम पडतो. मूळ इंजिनाला आयडलवर १८-१९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असेल, तर अशा कॅमने ते १२-१३ वर येतं. कॉम्प्युटरला वाटतं की चालकाने ॲक्सिलरेटर दाबलाय, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. शिवाय न जळलेली थोडी ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते. ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, मिश्रण पातळ आहे असा त्याचा समज होतो, आणि तो आणखी पेट्रोल मागतो. तुम्हाला येणारा वास या दोन्हींचा मिळून आहे.

मास एअरमध्ये एअर फिल्टरच्या नंतर बसवलेला मीटर तापलेल्या तारेने हवेचं वस्तुमान प्रत्यक्ष मोजतो. कॅम कुठलाही असो, जेवढी हवा गेली तेवढं पेट्रोल. फोर्डने मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनात हा बदल स्वतःच केला: १९८६ ते ८८ स्पीड डेन्सिटी, १९८८ला कॅलिफोर्नियात मास एअर आणि १९८९पासून सगळीकडे. लाइटनिंग १९९३ला आली, पण ट्रकच्या कुळातली असल्यामुळे स्पीड डेन्सिटीवरच राहिली. आणि मूळ अवस्थेत त्या गाडीला त्यात काही कमी पडत नव्हतं. जीटी-४० सिलेंडर हेड्स, २४० हॉर्सपॉवर, ३४० पौंड-फूट टॉर्क, ४.१०चा मागचा ॲक्सल. ती गाडी तशीच चालवण्यात अजूनही मजा आहे. म्हणून एक गोष्ट ठाम सांगतो: मास एअरने स्वतःहून एकही हॉर्सपॉवर वाढत नाही. बदललेल्या इंजिनाची हवा कॉम्प्युटरला कळावी, एवढ्याचसाठी ते करायचं. कॅम मूळचाच असता, नुसते हेडर्स असते, तर मी तुम्हाला गाडी आहे तशी ठेवा म्हटलं असतं.

आता मापं. इंजिन गरम करून मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. १५-१६ इंचांच्या वर स्थिर असेल, तर तुमचा कॅम फार मोठा नाही आणि दोष बहुतेक दुसरीकडे आहे. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला जाणारी रबरी नळी तीस वर्षांत तडकते. ती नुसती पाहू नका, वाकवून बघा. पेट्रोलचा दाब रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३९ पीएसआयच्या आसपास यायला हवा. स्पाउटचा छोटा कनेक्टर (तो काढला की कॉम्प्युटर टायमिंग बदलू शकत नाही) काढून स्पार्कचं बेस टायमिंग १० अंश आहे का पाहा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर आयडलला १ व्होल्टच्या जवळ असावा.

व्हॅक्यूमची गळती या टप्प्यावरच शोधायला मी का सांगतोय, त्यालाही कारण आहे. स्पीड डेन्सिटीत गळतीतून आत शिरलेली हवा मॅप सेन्सरला दिसते. आयडल वाढतो, पण मिश्रण साधारण जागेवर राहतं. मास एअरमध्ये तीच हवा मीटरला चुकवून शिरते, तिचा हिशोबच होत नाही, आणि इंजिन पातळ मिश्रणावर अडखळतं. म्हणजे आज तुमची गाडी जी गळती सहन करतेय, तीच रूपांतरानंतर गाडीला नीट चालू देणार नाही. मी केलेल्या पहिल्या रूपांतरात असाच अडकलो होतो. वायरिंग तीनदा तपासलं, मीटर बदलला, आणि शेवटी सापडलं ते तेलाच्या झाकणाचं. क्रँककेसला ताजी हवा देणारी नळी न जोडता मी झाकणावर उघडा ब्रीदर बसवला होता, आणि पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डमध्ये ओढणारा व्हॉल्व्ह) तिथून न मोजलेली हवा ओढत होता. ती नळी मीटर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या पाइपलाच जोडायची असते.

व्हॅक्यूम १३ च्या खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर मास एअरचा विचार योग्य आहे. तेरा ते पंधराच्या मधे असाल, तर आणखी एक मार्गही आहे. कॉम्प्युटरच्या मागे जे-३ नावाचा पोर्ट असतो. त्यात चिप बसवून स्पीड डेन्सिटीचाच तक्ता तुमच्या इंजिनाप्रमाणे नव्याने भरायचा. वायरिंगला हात लागत नाही, गिअरबॉक्स जसाच्या तसा राहतो. अट एवढीच की यापुढे इंजिनात आणखी काही बदलायचं नाही, नाहीतर तक्ता पुन्हा भरावा लागतो. हे काम करणारा जाणकार जवळपास आहे का आणि इंजिन इथेच थांबवायचं तुमच्या मनात आहे का, यावर ते ठरेल.

आता गिअरबॉक्स. तुमच्या गाडीतला ई४ओडी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पूर्णपणे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर चालतो. गिअर कधी बदलायचा, कन्व्हर्टर कधी लॉक करायचा आणि आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा, हे सगळं कॉम्प्युटर सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून) ठरवतो. ए९एल हा मस्टँगच्या मॅन्युअल गाडीचा कॉम्प्युटर. त्याच्यात ई४ओडीसाठी काहीच नाही. त्याचा ऑटोमॅटिक भाऊ ए९पीसुद्धा कामाचा नाही, कारण मस्टँगचा एओडी गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर आणि केबलवर चालणारा होता. ए९एल बसवून ई४ओडीला वाऱ्यावर सोडलं, तर शिफ्टचे दोन्ही सोलेनॉइड बंद राहतात, आणि या गिअरबॉक्समध्ये दोन्ही बंद म्हणजे चौथा गिअर. गाडी जागेवरून चौथ्यात उचलायला बघते, तेलाचा दाब सतत कमाल राहतो. माझ्याकडे अशीच एक लाइटनिंग आली होती. एका गॅरेजने ए९एल बसवून, 'आता ट्यून केलं की झालं' म्हणून ती मालकाला परत दिली होती. मालक हाताने लीव्हर ओढत काही आठवडे चालवत राहिला. माझ्याकडे आली तेव्हा तेलाला जळका वास येत होता. गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधावा लागला. मास एअरच्या सगळ्या खर्चापेक्षा ते बिल मोठं होतं.

तुमच्यासमोर वाटा तीन आहेत. पहिली, ए९एल आणि सोबत ई४ओडीसाठी वेगळा ट्रान्समिशन कंट्रोलर. ए९एलबद्दल माहिती भरपूर आहे, ट्यून करणारेही खूप, आणि त्याचा फायरिंग ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८, म्हणजे तुमच्या ५.८ चाच. दुसरी, फोर्डच्याच ट्रकमधला मास एअर कॉम्प्युटर. १९९४-९५च्या ५.० लिटरच्या ट्रकांत आणि १९९५ला कॅलिफोर्नियात गेलेल्या ५.८ मध्ये मास एअर होतं, आणि ई४ओडी असलेल्या अशा ट्रकचा कॉम्प्युटर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळतो. जोडणी तुमच्यासारखीच ६० पिनांची. १९९६पासून मात्र १०४ पिनांचा नवा कनेक्टर आला, त्या वाटेला जाऊ नका. तिसरी वाट, आजचा स्वतंत्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तो घेताना ई४ओडी चालवतो का, हे विकणाऱ्याला आधी स्पष्ट विचारा.

गाडी तुम्ही रोज चालवणार असाल तर माझी पसंती दुसऱ्या वाटेला आहे. कॅलिफोर्नियाचा ५.८चा कॉम्प्युटर मिळायला वेळ लागतो, तरी थांबा. ५.० ट्रकचाच मिळाला, तर त्याचा फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८ आहे हे विसरू नका. दोन्ही क्रम शेजारी लिहून बघा: ३ आणि ५ यांची अदलाबदल, ४ आणि ७ यांची अदलाबदल. इंजेक्टरच्या त्या चार वायरी तशा बदलल्या की काम होतं. कुठलाही कॉम्प्युटर घ्या, झाकण उघडून सर्किट बोर्डवरचे कपॅसिटर पाहून घ्या. या वयाच्या कॉम्प्युटरमध्ये ते गळतात आणि त्यातलं द्रव तांब्याच्या रेषा खातं. गळलेले असतील तर आधी बदलून घ्या, मग गाडीत लावा.

वायरिंगची सगळ्यांना धास्ती असते, पण शांतपणे केलं तर ते एका दिवसाचं काम आहे. मीटरच्या चार वायरी: १२ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल, सिग्नलचा परतीचा. सिग्नल कॉम्प्युटरच्या ५० नंबरच्या पिनवर, परतीचा ९ वर. हा परतीचा बॉडीच्या ग्राउंडला जोडू नका, नाहीतर पंखा सुरू झाला तरी रीडिंग हलेल. तुमच्या ट्रकमध्ये इंजेक्टर चार-चारच्या दोन गटांत उडतात. सीक्वेन्शियल कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगळा हुकूम देतो, म्हणून प्रत्येक इंजेक्टरपासून स्वतंत्र वायर आणावी लागते. मूळ हार्नेस कापू नका. तीन वर्षांत मिळून या गाड्या साडेअकरा हजारांच्या आसपासच बनल्या. जोडहार्नेस वेगळा बनवा, म्हणजे पुढच्या मालकाला, किंवा उद्या तुम्हालाच, गाडी मूळ रूपात नेता येईल. मॅप सेन्सर काढायचा नाही. त्याची व्हॅक्यूम नळी काढून तोंड उघडं ठेवायचं आणि मॅनिफोल्डचं छिद्र बुजवायचं. मग तोच सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब सांगतो.

डिस्ट्रिब्युटरमध्ये मात्र एक जागा अशी आहे, की तिथे खूपजण अडकतात. सीक्वेन्शियल कॉम्प्युटरला पहिला सिलेंडर ओळखावा लागतो, आणि ती ओळख डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या चकतीवरची एक अरुंद पाती देते. गटात उडणाऱ्या इंजेक्शनच्या डिस्ट्रिब्युटरात आठही पात्या सारख्या असू शकतात. तसं असेल तर गाडी सुरू होते, पण इंजेक्टर चुकीच्या वेळी उडतात आणि कारण काही केल्या सापडत नाही. ५.० मस्टँगचा अख्खा डिस्ट्रिब्युटर उचलून इथे बसत नाही, ५.८ मध्ये तेलाच्या पंपाचा दांडा जाड आहे, पाव इंचाऐवजी पाच सोळांश. चकती बदलून घ्यायची. आणि इग्निशन मॉड्यूलचा रंग बघा, करडा की काळा. दोघांची एक पिन वेगळं काम करते, म्हणून कॉम्प्युटर ज्या रंगाचा अपेक्षित धरतो तोच हवा.

आता मीटर आणि इंजेक्टर. इथे चूक झाली तर इंजिन फुटू शकतं, म्हणून हिशोब करूनच दाखवतो. २४ पौंडांचे आठ इंजेक्टर म्हणजे ताशी १९२ पौंड पेट्रोल. ते ८५ टक्क्यांपर्यंतच उघडे ठेवायचे, म्हणजे १६३. हॉर्सपॉवरमागे ताशी अर्धा पौंड धरला तर साधारण ३२५ हॉर्सपॉवर. तुमच्या कॅमला एवढं पुरतं. ३० पौंडांचे ४०० च्या पुढे जातात. गरज नसताना मोठे इंजेक्टर घेऊ नका. आयडलला त्यांना फारच थोडा वेळ उघडायचं असतं आणि तिथे ते नेमकं पेट्रोल देऊ शकत नाहीत.

बाजारात 'अमुक इंजेक्टरसाठी कॅलिब्रेट केलेले' मीटर मिळतात. ए९एल १९ पौंडांच्या इंजेक्टरसाठी लिहिलाय. ३० पौंडांचे लावून तसा मीटर घेतला, तर तो कॉम्प्युटरला खरी हवा सांगत नाही, तिच्या ६३ टक्के सांगतो, म्हणजे पेट्रोल बरोबर येतं. पण कॉम्प्युटर टायमिंगही याच आकड्यावरून ठरवतो. त्याला वाटतं, इंजिनावर ओझं कमी आहे, म्हणून तो स्पार्क लवकर देतो. तुमचं इंजिन ३०२ ऐवजी ३५१ घन इंचांचं असल्यामुळे १६ टक्के उलट्या बाजूने भरून निघतात, तरी ०.६३ गुणिले १.१६ म्हणजे ०.७३. खऱ्या ओझ्याच्या पाऊण हिश्शापेक्षाही कमी दिसतं. कडक उन्हात, चढावर, ट्रेलर लावून गाडी चालली की मिश्रण अवेळी भडकून ठोके बसायला लागतात, आणि या इंजिनाचे हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे, ठिसूळ) पिस्टन ठोके फार सहन करत नाहीत. म्हणून मी खरी हवा सांगणारा साधा मीटर घेतो, त्याचा तक्ता आणि इंजेक्टरचा आकार चिपमध्ये भरतो, आणि इंजिनाचं घनमानही तिथेच दुरुस्त करतो. कॉम्प्युटरला खोटं सांगून चालवलेली गाडी मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. जे-३ पोर्टवर चिप लावण्याआधी त्याच्या पट्ट्यांवरचं संरक्षक लेपण हळूवार खरवडून पूर्ण काढा. निम्म्या वेळा घोळ इथेच असतो. चिप नीट टेकली नाही की गाडी रस्त्यात अचानक बंद पडते आणि दोष ट्यूनला दिला जातो.

मीटर कुठे बसवता, यालाही महत्त्व आहे. वळणाच्या लगेच पुढे बसवला तर हवा एका बाजूला रेटली जाते आणि तार चुकीचं वाचते. आधी सरळ नळी हवी, आणि मोठ्या कॅमसाठी मीटर ते थ्रॉटल बॉडी अंतर फूटभर तरी ठेवा, कारण कॅममुळे उलटी येणारी हवेची लाट आयडलला मीटरपर्यंत पोचली तर तीच हवा दोनदा मोजली जाते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर मीटरचा सिग्नल आयडलला ०.६ ते ०.९ व्होल्टच्या आसपास दिसावा. वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर) लावल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. ए९एल घेतला असेल तर दोषाचे आकडे दोन अंकी येतील, तुमच्या ट्रकचे आजपर्यंत तीन अंकी येत होते. तिथे ६६ आला तर मीटरचा सिग्नल येत नाहीये. शिवाय तुमच्या राज्यात आणि काउंटीत धुराच्या तपासणीचे नियम काय आहेत ते पार्ट घेण्याआधी बघा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना तपासणी लागते, तिथे मंजुरी नसलेला कॅम मास एअर लावूनही पास होत नाही.

तर किट सध्या कार्टमध्येच राहू द्या. या शनिवारी गरम इंजिनावरचा व्हॅक्यूम, व्हॅक्यूम नळी काढून पेट्रोलचा दाब, स्पाउट काढून टायमिंग, डिस्ट्रिब्युटरच्या चकतीचा फोटो आणि इग्निशन मॉड्यूलचा रंग, एवढं मला कळवा. आधीच्या मालकाकडून कॅमच्या मापांचं कार्ड मिळालं तर तेही पाठवा. त्यानंतर कुठला कॉम्प्युटर घ्यायचा, हे आपण नेमकं ठरवू.